देवळापुढचं शेवाळ

फार जुन्या काळची गोष्ट. झाडंपानं तेव्हा माणसाशी बोलत, आणि माणसांना ते ऐकायला सवड असे. डोंगराच्या उतारावर एक लहानसं गाव होतं. पाऊस तिथे चार महिने मुक्कामाला येई. त्या गावातल्या एका सुनेनं एकदा गणपतीला नवस केला होता.

तिची लेक तेव्हा दोन वर्षांची होती. तापानं फणफणलेली, डोळे न उघडणारी. वैद्यबुवांनी मात्रा उगाळून दिली आणि उठताना ते काही बोलले नाहीत. सुनेला त्यातच कळलं. ती ओलेत्यानं देवळात गेली, पदर पसरला आणि म्हणाली, "देवा, माझी लेक उठव. तुझ्या दारची हिरवळ मी जन्मभर सांभाळीन. रोज तिला एक घागर पाणी घालीन, आणि तिच्यातल्याच एकवीस दूर्वा तुला वाहीन."

तिसऱ्या दिवशी पोरीनं पेज मागितली.

देवळापुढची हिरवळ ती केवढी? दोन अंगणांएवढी. पण सगळी दूर्वांची, दाट आणि लवलवती. एका कडेला जुनी बकुळ होती. दर वर्षी पावसाच्या तोंडावर गावातली माणसं तिच्या खालच्या फांद्या उतरवत, म्हणजे गवताला ऊन पोचे. सुनेनं नवस घेतला आणि पहिल्याच वर्षी ती कोयत्याच्या आड उभी राहिली.

"देवाच्या दारातलं झाड आहे. त्याला घाव नको."

एवढ्या भक्तीनं बोलली, की माणसं कोयते घेऊन परत गेली.

आणि घागर? ती कधी चुकली नाही. उन्हाळ्यात चुकली नाही, थंडीत चुकली नाही. आषाढात आभाळ फाटल्यासारखं कोसळे, तेव्हासुद्धा डोक्यावर इरलं घेऊन ती विहिरीवर जायची आणि भरल्या घागरीनं देवळापुढे यायची. पावसात उभी राहून पावसानं भिजलेल्या गवताला पाणी घालायची.

शेजारीण तोंडाची फटकळ. ती ओसरीवरून ओरडायची, "अग बाई, वरून देव ओततोय, खालून तू ओततेस! गवत पोहायला शिकवायचंय का?"

सून हसायची. म्हणायची, "नेम म्हणजे नेम, वन्सं."

चार बायका कौतुक करत. नवसाला पावलेला देव म्हणून लांबलांबची माणसं येऊ लागली. त्यांच्या पायांनी हिरवळीची माती दडपून दगडासारखी झाली. सुनेला ते दिसलं नाही. तिला दिसली ती गर्दी, आणि तिचं मन भरून आलं.

पण एका माणसाला दिसलं. आणि त्या माणसाला दिसतच नव्हतं.

ती होती तिची सासू. म्हातारीच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला, उजेड आणि अंधार तेवढा कळे. तरी रोज सकाळी ती काठी टेकत देवळात जाई. वहाणा पायरीखाली काढी आणि अनवाणी हिरवळ ओलांडून देवापुढे उभी राही. ती म्हणे, "देवाचं दर्शन माझे डोळे घेत नाहीत, माझे पाय घेतात."

नवसाला पाच वर्षं झाली. एका सकाळी देवळातून आल्यावर म्हातारी म्हणाली, "सूनबाई, आज पायाला गवत लागलं नाही ग. काहीतरी गार लागलं. बुळबुळीत."

सुनेला ते टोचलं. "आत्याबाई, तुम्हाला दिसत नाही म्हणून. सगळं हिरवंगार आहे. मखमल अंथरल्यासारखं."

"मखमल राजाच्या घरी असते, पोरी. गणपतीला दूर्वा लागतात."

एरवी सून कडेकडेच्या दूर्वा खुडून निघे. पण त्या दिवशी ती सगळीकडे वाकून बघत गेली. बकुळीच्या बुंध्यापासून अर्ध्या हिरवळीपर्यंत जे हिरवं होतं, ते गवत नव्हतं. शेवाळ होतं. एकवीस दूर्वा खुडायला तिला सूर्य वर येईपर्यंत वेळ लागला.

श्रावणात एक दिवस एकोणीसच निघाल्या. ती हिरवळीवर रांगत फिरली, पण विसावी मिळाली नाही. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, शेताच्या बांधावरच्या दोन दूर्वा खुडल्या आणि जुडीत दडवल्या. घरी येऊन पहिल्यांदा काय केलं, तर लेकीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तरी रात्री दोनदा उठून तिनं पुन्हा हात लावला. हिरवळीतल्याच दूर्वा वाहीन, असा नवस होता ना?

पुढच्या आठवड्यात चौदा निघाल्या. मग नऊ. रोज जुडी बांधावरच्या दूर्वांनी भरायची आणि रोज लेकीचं कपाळ चाचपायचं. लेक कंटाळून म्हणायची, "आई, मला काही झालेलं नाही!"

सुनेनं खुरपं घेतलं. शेवाळ खरवडलं, की ते गोधडीसारखं उलगडून निघे. टोपल्या भरून तिनं ते ओढ्यावर टाकलं. पण आठ दिवसांत ते परत येई. तिनं पुन्हा खरवडलं, पुन्हा आलं. आणि खरवडून झालं, की नेम म्हणून त्याच जागी ती घागर ओती.

घरात ती यातलं अक्षर बोलली नाही. कशी बोलणार? गाव तिला नवसाची बाई म्हणत होतं.

असं करता करता भाद्रपदातली चतुर्थी उद्यावर आली. आठ दिवस पावसानं म्हातारीला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. त्या सकाळी जरा उघडीप झाली तशी ती काठी शोधू लागली.

"सूनबाई, मी देवळात जाऊन येते ग. हिरवळ बरी आहे ना आता?"

सून मोदकासाठी खोबरं खवत होती. तिचा हात थांबला. मागच्या बाजूनं दगडी पायवाट होती. 'आत्याबाई, आज मागून जा, पुढे शेवाळ झालंय,' एवढंच म्हणायचं होतं. सात-आठ शब्द. पण ते ओठांवर आले असते, तर पाच वर्षांचा मान गळून पडला असता.

ती म्हणाली, "बरी आहे. हिरवीगार आहे. या जाऊन."

म्हातारीचा सुनेच्या शब्दावर विश्वास होता. तिनं पायरीखाली वहाणा काढल्या आणि पाय टाकला.

माणसांनी तिला घोंगडीत घालून घरी आणलं, तेव्हा मोदकाचं सारण चुलीवर करपलं होतं. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं. वैद्यबुवा आले. उठताना ते याही वेळी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरोघर आरत्या चालल्या होत्या. सून हिरवळीपाशी गेली आणि त्या हिरव्या बुळबुळीत मातीत बसली. दोन्ही मुठींनी शेवाळ उपटून ती ओरडली, "मेल्या, माझ्या देवाचं गवत खाल्लंस! माझ्या म्हाताऱ्या माणसाला पाडलंस!"

तेव्हा तिच्या मुठीतलं शेवाळ बोललं. आवाज ओला होता, हळू होता.

"बाई, मी कुणाला खात नाही. मला दात नाहीत, मातीत खोल जाणारी मुळंसुद्धा नाहीत. गवत आधी गेलं, मी मागून आले. जागा रिकामी होती. सावली होती, ओल होती. माती दडपून घट्ट झाली होती. आणि तू रोज येऊन घागरभर पाणी घालत होतीस. मला वाटलं, नवस माझाच आहे."

सुनेच्या मुठी सुटल्या. तिनं विचारलं, "तू जाशील कशानं?"

"खुरप्यानं नाही जायची. ज्यानं गवत येतं, त्यानंच मी जाते. ऊन येऊ दे, पाणी वाहून जाऊ दे, माती सुटी होऊ दे. मला कुणाला हाकलावंही लागणार नाही. मला राहायला जागाच उरणार नाही."

सून घरी आली. म्हातारीच्या उशाशी बसली आणि सगळं सांगून टाकलं. एकोणीस दूर्वा सांगितल्या, बांधावरच्या दूर्वा सांगितल्या. आदल्या सकाळचे ते न बोललेले शब्दही सांगितले. सांगताना ती रडली नाही, कारण रडायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटलं नाही.

म्हातारी छताकडे तोंड करून ऐकत होती. मग म्हणाली, "तुझा नवस पाण्याचा नव्हता ग. हिरवळीचा होता. पाणी तुझ्या लक्षात राहिलं, हिरवळ राहिली नाही."

तिनं चाचपडत सुनेचं मनगट धरलं. "मला पुन्हा एकदा पायाला गवत लागू दे. उचलून न्या, पण लागू दे."

त्या दिवसापासून सुनेला दुसरं काही सुचेना. दुसऱ्या सकाळी तिनं विहिरीवर जाऊन घागर पालथी घातली.  नेम मोडला, आता लेकीचं काय होईल? घरी येऊन तिनं कपाळाला हात लावला. गार होतं. तिसऱ्या दिवशीही गारच. पाचव्या दिवशी तिनं हात लावायचं सोडलं.

तिनं स्वतः माणसांना बोलावलं. "बकुळीच्या खालच्या फांद्या उतरवा. मी अडवलं होतं, मीच सांगते." फांद्या उतरल्या आणि पाच वर्षांनी हिरवळीवर उन्हाचा तुकडा पडला. तिनं उताराच्या अंगानं चर खणला. साचलेलं पाणी वाट मिळताच ओढ्याकडे धावलं. पहार घेऊन तिनं वीतवीत अंतरावर मातीला भोकं पाडली, वर बारीक रेती पसरली. शेवाळ खरवडलं, चुलीतली राख चाळून शिंपडली. भक्तांसाठी कडेनं चपटे दगड मांडले. मग बांधावरच्या दूर्वांच्या मुळ्या आणून एकेक लावली.

रोज दिवेलागणीला म्हातारी विचारी, "आलं का ग गवत?"

"नाही आलं, आत्याबाई. अजून नाही."

पहिल्या मुळ्या परतीच्या पावसात कुजल्या. ते ऐकून म्हातारी म्हणाली, "कुजल्या तर कुजल्या. पुन्हा लाव." सुनेनं पुन्हा लावल्या. आता ती आधी बोट मातीत घालून बघायची. कोरडं लागलं, तरच पाणी घालायची, तेही ओंजळीनं.

"आलं का ग?"

"नाही, आत्याबाई."

"आता खरं सांगतेस. म्हणजे येईल."

कार्तिक लागला. थंडी पडली. म्हातारीचं अन्न तुटलं, मग बोलणं तुटलं. शेवटच्या संध्याकाळी तिनं नुसती मान वळवली. सुनेला प्रश्न कळला. खोटं बोलावं असं त्या वेळी कुणालाही वाटलं असतं. एक शब्द बोलली असती, तर म्हातारी हसून गेली असती.

सून म्हणाली, "नाही आलं, आत्याबाई. पण मी सोडणार नाही."

म्हातारीनं डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

सुतकात देवळात जायचं नसतं. तेरा दिवस सुनेनं हिरवळीचं तोंड पाहिलं नाही. तेरावं झालं, जेवणाची पानं उठली, आणि ती जड पावलांनी देवळापुढे गेली. तिथे ती फटकळ शेजारीण पाठमोरी बसली होती, मातीत बोट घालून.

"ये," ती म्हणाली. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तू करायचीस तसंच केलं हो. कोरडं लागलं तरच पाणी घातलं. बघ."

काळ्या मातीतून दूर्वांचे कोंब आले होते. सुईच्या टोकाएवढे, पण सगळीकडे.

लेक आईच्या मागोमाग आली होती. सुनेनं तिला जवळ घेतलं, तिच्या पायांतल्या वहाणा काढल्या आणि तिचे डोळे आपल्या हातांनी झाकले. "हळूच पाय ठेव. काय लागतंय?"

"टोचतंय बारीक बारीक. गवत आहे, आई."

जिला हे ऐकायचं होतं, ती नव्हती. पुढे दूर्वा वाढल्या, एकवीसच्या एकवीस मिळू लागल्या, आणि शेवाळ कधी गेलं तेही कुणाला कळलं नाही. पण सून जन्मभर देवळात अनवाणी गेली. पायाखाली गवत लागे, तरी दर वेळी तिचे डोळे भरून येत.

घेतलेला नेम हातांनी पाळून पुरत नाही. तो ज्याच्यासाठी घेतला, त्याची रोज वाकून खबर घ्यावी लागते, आणि जे दिसेल ते खरं सांगावं लागतं.

बायांनो, लेकरांनो, एवढं माझं ऐका. तुम्हीही काहीतरी सांभाळायचा शब्द कधीतरी दिला असेल. उद्या सकाळी घागर उचलण्याआधी तिथे अनवाणी जा, डोळे मिटून पाय टेकवा, आणि पायाला काय लागतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खरंखरं सांगा.