बायजा सुईणीची सुरी

तालुक्याच्या छोट्या संग्रहालयात जुन्या सुऱ्या-कट्यारींचं दालन उघडायचं होतं. सत्तरीच्या तानूबाईंनी त्यासाठी आपल्या आईची, बायजा सुईणीची, वीतभर सुरी दिली होती. पंचक्रोशीतल्या कितीतरी बाळांची नाळ त्या सुरीनं कापली होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष आबासाहेब इनामदार पाहणीला आले आणि नेमके त्या सुरीपाशीच थबकले.

"इथल्या प्रत्येक हत्याराला कागद आहे," ते म्हणाले. "ही खरी कशावरून? उद्या कुणीही भाजी चिरायची सुरी आणून देईल. काढा ही."

शिपायानं काचेचं दार उघडलं. तानूबाई बाजूलाच उभ्या होत्या. आईची दुसरी कुठलीच खूण उरली नव्हती. पदर सावरून त्या पुढे झाल्या.

"कागद नाही, आबासाहेब, पण पुरावा आहे. तुमच्या जन्माच्या वेळी आईच्या हाताशी मी होते, दहा वर्षांची. तुमच्या सदऱ्याखाली बेंबी आहे ना, ती याच सुरीची सही."

आबासाहेबांचा हात नकळत पोटाकडे गेला. शिपायाला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही. जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "माझी आई काही बोलली होती?" त्यांना आई आठवतच नव्हती; ते वर्षाचे व्हायच्या आतच ती गेली होती.

"म्हणाल्या, बायजा, डोळे कसे आहेत ते बघू दे. तुम्ही तर डोळे मिटून झोपलेले. उघडेपर्यंत त्या बघत राहिल्या."

आबासाहेबांनी सुरी स्वतःच्या हातानं जागेवर सारखी केली. मग तानूबाईंसाठी खुर्ची ओढली.

"बसा," ते म्हणाले. "आणखी काय काय आठवतं?"