साळबाचे दोन एक्के

पत्ते माणसांच्या हाती लागायच्या आधी जंगलातच खेळले जायचे. आधी दोन पानं हातात, मग एक चिंचोका टाकून तिसरं पान, आणि शेवटी मोठी बोली. साळबा साळिंदर दोन एक्के आले की असेल नसेल ते सगळं पुढे ढकलायचा. दरसाली त्याच्याकडे चिंचोके असायचे दहा, आणि दरसाली तो जिंकायचा.

यंदा चिंचा भरमसाठ आल्या. साळबापुढे त्याच्याएवढा ढीग होता, अख्ख्या पावसाळ्याची बेगमी. दोन एक्के आले. तिसरं पान घेऊन त्याने डोळे झाकून ढीग पुढे लोटला. सगळ्यांनी पानं टाकली. कासवमावशीने मात्र आपलाही ढीग सरकवला आणि दुर्री, तिर्री, चौकी मांडली. ओळीपुढे जोडी हरली.

"ही काय रीत झाली?" साळबा फिस्कारला. "दुर्री-तिर्री घेऊन कोण बसतं? गेल्या साली तर लगेच टाकून द्यायचीस!"

"गेल्या साली चौकी लागली असती, तरी तुझ्याकडून मिळाले असते दहा," मावशी म्हणाली. "यंदा एका चिंचोक्यात डोंगर मिळत होता, बाळा."

"अगं, पण मी दरसालीसारखाच खेळलो!"

"तेच तर."

रागाने साळबाचे काटे फुलले. "पत्ते वाट परत! आता काटे पणाला लावतो!"

घरी निघालेली मावशी थांबली. "किती आहेत रे?"

"मोजता येणार नाहीत इतके!" साळबा ताठ्यात म्हणाला.

मावशी परत येऊन बसली आणि तिने पत्ते पिसायला घेतले.