समोरच्या दवाखान्यातले हात

एका तालुक्याच्या गावात रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन दवाखाने होते. एक म्हाताऱ्या डॉक्टर काकड्यांचा, दुसरा तरुण डॉक्टर शर्वरी टेंभेकरांचा. दोघे एकमेकांना पाण्यात पाहत. काकडे म्हणत, ही बाई माणसांवर नाही, बाहुल्यांवर शिकून आली आहे. शर्वरी म्हणे, काकड्यांचे ज्ञान त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाइतकेच मागे आहे. सगळा रस्ता ऐकून हसे.

त्या वर्षी तापाची साथ आली. शर्वरीची सिस्टरही अंथरुणाला खिळली. एकटीने रोगी पाहून पाहून शर्वरी इतकी थकली, की चहाचा कप हातात धरूनच डोळा लागे. अशा एका दुपारी मालन कासारीण आपल्या तान्ह्या गुंजाला घेऊन धावत आली. पोरीच्या छातीत कफ दाटला होता. ओठ निळे पडले होते, श्वास थांबत चालला होता.

शर्वरीने जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या गाडीला फोन केला, घशातला कफ ओढून काढला. मग तोंडावर मास्क धरून त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबू लागली. एका हाताने मास्क नीट बसेना. हवा कडेने निसटे. तिने श्वासनळीत नळी घालून पाहिली. जमले नाही. पुन्हा मास्क, पुन्हा नळी. पोर आणखीच काळीनिळी झाली.

तरी तिचा हात परत नळीकडे गेला. नळी घालण्यात बाईंचा हात चुकत नाही, असा तिचा लौकिक होता, आणि तो तिला स्वतःलाही फार आवडे. या खेपेला जमेल, असे मन म्हणत होते. पण प्रत्येक खेपेला पोरीची हवा तेवढा वेळ बंद पडत होती. शर्वरीने नळी खाली ठेवली आणि मास्क उचलला.

"मालनताई, समोरच्या डॉक्टरांना बोलवा. सांगा, माझ्या एकटीने होत नाही."

मालन तशीच रस्त्यापलीकडे पळाली.

काकडे जेवणावरून तसेच उठून आले. टोमणा ओठांवर होता. गुंजाचा चेहरा पाहून तो त्यांनी गिळला. नळी मी घालू का, एवढेच विचारले.

"नको. मी दोन्ही हातांनी मास्क धरते, तुम्ही फुगा दाबा. सावकाश."

पोरीची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. हळूहळू ओठांवर रंग चढला. गाडी येईपर्यंत दोघे तसेच उभे होते. शर्वरीचे डोळे मिटत होते. पण लय चुकली नाही.

गाडी गेल्यावर दोघे पायरीवर बसले. काकडे म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. पण माणसाला दोनच असतात."

"तुमचं घड्याळ मात्र खरंच मागे आहे, काका."

"उद्या लावतो," ते म्हणाले.

काही दिवसांनी गुंजा आईच्या कडेवर बसून परत आली. मालनने तिला आधी एका दवाखान्यात नेले, मग रस्ता ओलांडून दुसऱ्यात.

तात्पर्य: आधी श्वास सांभाळावा, मग नाव, आणि आपले हात पुरत नसतील, तर ज्याच्याशी वैर आहे त्याचेही मागून घ्यावेत.