सुईणीच्या घोडीचा नाकपट्टा

डोंगरात सडका नव्हत्या आणि माथ्यावरच्या वाडीला जायला एका पायवाटेवाचून दुसरी वाट नव्हती, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी गोजराबाई नावाची सुईण राहत असे. पायथ्याच्या गावातली आणि माथ्यावरच्या वाडीतली सगळी बाळंतपणे तीच करी. तिचा हात हलका होता, पण शिस्त कडक. "दात आवळ, पोरी. ओरडून ताकद घालवू नको," असे ती बाळंतिणीला बजावी आणि पोरी दात आवळत. लोक कौतुकाने म्हणत, "गोजरामावशी आली की घर कसं शांत असतं! शेजाऱ्यालासुद्धा पत्ता लागत नाही."

एकदा वाडीतून बोलावणे आले. रंगू नावाची तरुण पोर अडली होती. गोजराबाई घाट चढून पोचली तेव्हा दिवस कलला होता. तिने होते नव्हते ते सगळे उपाय केले, पण मूल जन्मले ते गेलेलेच. रंगू भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गोजराबाईला कोणी बोल लावला नाही.

घाट उतरताना तिने स्वतःलाच बोल लावला. "पाय थकले माझे. लवकर पोचले असते तर मूल हाती लागलं असतं." आणि खाली पोचायच्या आत तिने ठरवून टाकले की आता घोडी घ्यायची.

हातातल्या पाटल्या मोडून तिने एक तपकिरी घोडी आणली. गाव हसले. "या वयात घोड्यावर बसणार, मावशी?"

"वय माझं आहे. त्याचं काय करायचं ते मी बघेन," ती म्हणाली.

ती पडली. पुन्हा बसली, पुन्हा पडली. गुडघे सोलले, कंबर धरली. लेप लावून ती सकाळी परत अंगणात हजर. हळूहळू तिला खोगिरावर बसता येऊ लागले. पण घोडी काही ऐकेना. लगाम ओढला की ती मान झटके, तोंड वासे आणि भलत्याच बाजूला पळे.

गावात शिदोजी नावाचा चाबुकस्वार होता. त्याने उभे आयुष्य एका सरदाराच्या पागेत घोडी शिकवली होती. त्याने घोडीकडे पाहिले आणि निकाल दिला. "तोंड उघडून ती लगाम चुकवते. तोंडच बंद करा."

घोड्याच्या तोंडात लगामाची जी लोखंडी दांडी असते, तिला कडियाळे म्हणतात. शिदोजीने जुने काढून पिळाचे, बारीक कडियाळे घातले. मग नाकावरून हनुवटीखाली एक रुंद पट्टा घेतला आणि असा आवळला की त्यात बोट शिरेना.

घोडी शांत झाली. तिने मान झटकली नाही, तोंड वासले नाही. उजवीकडे ओढले की उजवीकडे, डावीकडे ओढले की डावीकडे.

"शिकली हो माझी घोडी!" गोजराबाई आनंदाने म्हणाली.

पुढच्या वर्षी वाडीतून पुन्हा निरोप आला. रंगूलाच कळा सुरू झाल्या होत्या. गोजराबाईने बोचके बांधले आणि लगेच घोडीवर बसली. या खेपेला उशीर होऊ द्यायचा नाही, एवढेच तिच्या मनात होते.

घाट निम्मा झाला आणि घोडीचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. गोजराबाईने टाच मारली. घोडी चार पावले गेली आणि थांबली. तिने पुन्हा टाच मारली, लगाम ओढला. घोडी मागे सरकू लागली, आणि मागे दरी होती.

गोजराबाई घाईने खाली उतरली. घोडीच्या छातीवर फेस सांडला होता आणि तो लाल होता.

"काय झालं गं तुला? कालपर्यंत तर काही बोलली नाहीस!"

असे म्हणता म्हणता तिची नजर पट्ट्यावर गेली. तो नाकपुड्यांच्या मऊ भागावर रुतला होता. तिने बक्कल सोडले. घोडीने तोंड उघडले आणि रक्ताची गुठळी खाली पडली. ओठांचे कोपरे चिरले होते. जीभ काळीनिळी पडली होती. पट्ट्याच्या दाबाने गाल दाढांवर घासून आतून सोलले होते. काही जखमा ताज्या होत्या, काही जुन्या.

"काल दुखत होतं, परवाही दुखत होतं," गोजराबाई पुटपुटली. "तू रोज सांगत होतीस. सांगायची थांबलीस तेव्हा मी खूश झाले."

रडत बसायला वेळ नव्हता. तिने लगाम, कडियाळे, पट्टा सगळे काढून बोचक्यात कोंबले. बोचक्याच्या सुती दोरीचा सैल फास करून घोडीच्या तोंडावरून घातला आणि पुढे चालू लागली. चढणीला ती चालली, सपाटीला घोडीवर बसली. घोडी थांबली की तीही थांबली. दम लागला, पाय भरून आले, तरी दोघी माथ्यावर पोचल्या.

घरात शिरताच तिला रंगू दिसली. तिच्या तोंडात लुगड्याचा बोळा कोंबलेला होता आणि सासू तिचे हात धरून बसली होती.

"बरं झालं आलात, मावशी," सासू अभिमानाने म्हणाली. "तुमच्या शिस्तीप्रमाणं चाललंय. सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

गोजराबाई उंबऱ्यातच थबकली.

"तो बोळा काढा," ती म्हणाली.

"पण मावशी, तुम्हीच तर सांगता—"

"मीच सांगत होते. आता मीच सांगते, काढा!"

बोळा निघाला आणि रंगूने अशी किंकाळी फोडली की अंगणातली माणसे उठून उभी राहिली. गोजराबाई तिच्याजवळ बसली.

"ओरड, पोरी. आणि मला सांग, कुठं दुखतंय?"

"पाठीत, मावशी! सगळं पाठीतच!"

गोजराबाईने पोट चाचपले. बाळाची पाठ आईच्या पाठीला लागलेली होती. तिने रंगूला हातागुडघ्यांवर ओणवे केले, कंबर चोळली आणि बाळ वळेपर्यंत तिला पाठीवर निजू दिले नाही. रंगू ओरडून सांगत होती आणि गोजराबाई ऐकत होती. दिवेलागणीला बाळ जन्मले आणि जन्मताच रडले.

घरात हसू पसरले. रंगूने थकलेले डोळे उघडले. "मावशी, मागच्या वेळीसुद्धा असंच पाठीत दुखत होतं."

बाळाला पुसणारे गोजराबाईचे हात थांबले. "मग तेव्हा सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, दात आवळ."

गोजराबाईने वर्षभर आपल्या पायांना दोष दिला होता. तिने बाळ रंगूच्या कुशीत ठेवले आणि रंगूचा हात आपल्या कपाळाला लावला.

गावी परतल्यावर तिने घोडीच्या जखमा भरू दिल्या. मग ती लोहाराकडे गेली आणि जाड, गुळगुळीत, घोडीच्या तोंडापेक्षा किंचित रुंद असे कडियाळे घडवून घेतले. ते हातात धरून तिने त्याला ऊब दिली आणि मगच घोडीच्या तोंडात घातले. ओठाच्या कोपऱ्याला बारीक सुरकुती पडेल, पण कातडी ताणणार नाही, अशा बेताने वाद्या बांधल्या. नाकपट्टा मऊ भागावरून वर, गालाच्या हाडाखाली घेतला आणि दोन बोटे सहज जातील इतका सैल ठेवला.

शिदोजीने मान हलवली. "एवढ्या सैल पट्ट्यात तोंड उघडेल ती."

"उघडू दे. उघडलं की मी उतरून बघेन काय झालंय ते."

घोडीने तोंड उघडलेच. कधी वादी पिळली होती, कधी कडियाळे सरकले होते. दर वेळी गोजराबाई उतरली, दर वेळी तिने ते सारखे केले. पुढे पुढे घोडी मान खाली घालून तिच्या मुठीच्या नुसत्या इशाऱ्यावर चालू लागली.

बाळंतपणाची घरे मात्र आता ओरडण्याने गाजू लागली. एकदोघी सासवांनी नाके मुरडली, "मावशींची शिस्त गेली बाई." गोजराबाईने ते ऐकले आणि आपले काम केले. सगळीच मुले वाचली असे नाही. पण आईला कुठे दुखते आहे हे न कळता त्यानंतर तिच्या हातून एकही गेले नाही.

तात्पर्य: तोंड बंद केल्याने दुखणे थांबत नाही, ते आपल्याला कळायचे थांबते.