काजूबियांवरचा पोकर

कोकणातल्या एका बंदरगावी एकदा एक तरुण तांडेल स्वतःच्याच निर्णयाला घाबरू लागला. हरेश्वर त्याचे नाव. चुलत्याने मोठ्या विश्वासाने आपली बोट त्याच्या हाती दिली होती आणि तांडेल म्हणून त्याचे ते पहिलेच वर्ष होते. बोट कोठे न्यायची, जाळे केव्हा टाकायचे आणि मागे केव्हा फिरायचे, हे बोटीवर तांडेलच ठरवतो. सहा खलाशांचे प्राण त्याच्या शब्दावर असतात.

एप्रिलमध्ये एके दिवशी भर समुद्रात वारा अकस्मात पडला. पाण्याला दक्षिणेकडून लांब उसळी येऊ लागली आणि पश्चिमेला ढगांची काळी रेघ दिसली. हरेश्वरने जाळे न टाकताच बोट फिरवली. पण वादळ आले नाही. संध्याकाळी इतर बोटी सुरमईने भरून परतल्या आणि याची बोट रिकामीच बंदराला लागलेली सर्वांनी पाहिली. धाकूकाका हे बोटीवरचे सर्वांत जुने खलाशी. ते चुलत्यासमोरच म्हणाले, "पोरगा गुणी आहे, पण भित्रा आहे. अशाने आमची चूल कशी पेटायची?"

त्यानंतर हरेश्वरचे मन थाऱ्यावर राहिले नाही. जाळे टाकायला सांगायचा आणि लगेच थांबा म्हणायचा. खलाशी एकमेकांकडे पाहत. जूनमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी सुरू झाली, तेव्हा चुलते त्याला म्हणाले, "दोन महिने आहेत तुझ्याकडे. पुढच्या हंगामात तांडेल राहायचे की नाही, ते तूच मला सांग."

त्याच गावात तात्या मयेकर राहत. चाळीस वर्षे मालवाहू जहाजांवर नोकरी करून ते घरी परतले होते, आणि येताना पोकर हा पत्त्यांचा खेळ सोबत घेऊन आले होते. बंदीच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर त्यांच्या पडवीत हा डाव मांडला जाई. पैशांऐवजी काजूच्या बिया लावायच्या, हा तिथला नियम. प्रत्येकाला पन्नास बिया मिळत आणि डाव संपला की सगळ्या पुन्हा तात्यांच्या टोपलीत जात. पोस्टातून निवृत्त झालेल्या द्वारकाबाई आणि बर्फाचा कारखाना चालवणारा एक व्यापारी हे तिथले नेमाचे खेळाडू. चौथी जागा रिकामी होती. मन रमवायला म्हणून हरेश्वर तिथे जाऊन बसला.

तात्यांनी त्याला खेळ समजावला. प्रत्येकाला पाच पाने मिळतात. नको असलेली पाने एकदा बदलून घेता येतात. पाने चांगली वाटली तर बदलण्याआधी किंवा नंतर बिया वाढवायच्या, डावात राहायचे तर इतरांनीही तेवढ्याच टाकायच्या, नाही तर पाने खाली ठेवून त्या डावातून बाहेर पडायचे. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, आणि पाचही पाने एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी किलवर, आली तर त्याहून मोठी.

पहिल्या आठवड्यात हरेश्वर रोज हरला. हरण्याचे त्याला फारसे काही वाटत नव्हते. तात्यांच्या एका सवयीने मात्र तो अस्वस्थ होई. प्रत्येक डावानंतर ते त्याला शांतपणे विचारत, "का?" बिया का वाढवल्यास? पाने का ठेवलीस? सुरुवातीला तो सांगे, "असंच वाटलं." तात्या मान हलवत आणि पुढची पाने वाटत. हळूहळू त्याच्या उत्तरात कारणे येऊ लागली. समोरचा किती पाने बदलतो, कोण केव्हा थांबतो, आपल्याला हवे असलेले पान यायची शक्यता किती, याकडे त्याचे लक्ष जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात तो अधूनमधून जिंकूही लागला.

व्यापाऱ्याला ते पाहून उत्साह आला. "तात्या, आता पोरगा तयार झालाय," तो म्हणाला. "बियांत काय मजा? नोटा ठेवू. जरा धडधडलं पाहिजे."

"धडधडायला लागलं की माणसाला पाने दिसत नाहीत," तात्या म्हणाले. "याला अजून पाने पाहायला शिकायचं आहे."

एके दिवशी हरेश्वरच्या हाती चार बदाम आणि एक किलवर आला. पाने बदलण्यापूर्वीच तात्यांनी बिया वाढवल्या. पटावर वीस बिया होत्या आणि डावात राहायला हरेश्वरला आणखी दहा टाकाव्या लागणार होत्या. त्याने टाकल्या, किलवर बदलला, आणि हाती बदामाची राणी आली. पाचही पाने बदाम. द्वारकाबाईंनी टाळ्या वाजवल्या, व्यापाऱ्याने त्याची पाठ थोपटली.

तात्यांनी बियांचा ढीग त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "हा डाव तू वाईट खेळलास."

हरेश्वर गोंधळला. "पण मी जिंकलो, तात्या."

"हो, जिंकलास," एवढेच बोलून ते पाने पिसू लागले.

ती गोष्ट त्याला दोन आठवडे सलत राहिली. जिंकलेल्या डावाला वाईट म्हणणारा हा कसला गुरू, असेही त्याच्या मनात येऊन गेले. तरी तो जात राहिला.

जुलैच्या अखेरीस हरेश्वरच्या हाती दोन जोड्या होत्या, राजांची आणि नव्व्यांची. तात्या आणि व्यापारी बाहेर पडले होते. समोर फक्त द्वारकाबाई. या बाई सहसा दोन-तीन बियांच्या वर जात नसत. सहा आठवड्यांत वीस बिया त्यांनी मोजून दोनदा लावल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे मोठी पाने निघाली होती. आज चार पाने हाती राखून, एकच बदलून त्यांनी पुन्हा वीस बिया पुढे सरकवल्या. हरेश्वरने बराच वेळ विचार केला. मग आपली पाने खाली ठेवली.

द्वारकाबाईंनी अभिमानाने पाने उघडली. "पाचही बदाम," त्या म्हणाल्या.

व्यापारी वाकून पाहू लागला आणि हसत सुटला. "बाई, चष्मा घरी विसरलात का? ही अठ्ठी चौकटची आहे."

खरेच तसे होते. बाईंकडे साधी जोडीसुद्धा नव्हती. त्या स्वतःही हसल्या. व्यापारी हरेश्वरला म्हणाला, "दोन जोड्या ठेवून दिल्यास? घाबरलास रे."

तो शब्द नेमका वर्मी लागला. हरेश्वरचा चेहरा उतरला. आपण जसे बोटीवर भित्रे, तसेच पटावरही, असे त्याला वाटले. तो उठू लागला. तेवढ्यात तात्यांनी आपल्या ढिगातून ओंजळभर बिया उचलल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या.

"या कशाच्या?" हरेश्वरने विचारले.

"तू फार चांगला खेळलास म्हणून."

"तात्या, माझी थट्टा करू नका. त्या दिवशी जिंकलो तेव्हा वाईट खेळलो म्हणालात. आज हरलो तर बिया देता."

तात्यांनी हातातली पाने खाली ठेवली.

"बस," ते म्हणाले. "त्या दिवशी तुला एक बदाम हवा होता. न दिसलेल्या सत्तेचाळीस पानांत बदाम नऊच होते. म्हणजे पाच वेळा मागशील तेव्हा कुठे एकदा येणार. पाच वेळा दहा-दहा टाकल्या तर तुझ्या पन्नास बिया जातात, आणि एकदा जिंकून तीस हाती येतात. राणी आली हे दैव. ती मागणं ही तुझी चूक. आज तू बाईंचा सहा आठवड्यांचा खेळ आठवलास, त्यांनी एकच पान बदललं हे पाहिलंस, आणि त्यावरून ठरवलंस. त्या चष्मा विसरल्या, हे तुला कळायचं काही साधन होतं?"

"नाही."

"मग तुझं चुकलं कुठे? समोर जेवढं दिसतं, तेवढ्यावर नीट विचार करून ठरवणं आपल्या हाती. पुढचं पान कुणाच्याच हाती नाही. एका पानावरून स्वतःला शहाणा किंवा मूर्ख ठरवू लागलास, तर जिंकलेल्या डावातून चुकीचं शिकशील आणि हरलेल्या डावात बरोबर होतं तेही टाकून देशील. म्हणून बियांवर खेळायचं. इथे हरलं तर घरच्या चुलीला धक्का लागत नाही, त्यामुळे आपण कसं ठरवलं, ते माणूस शांतपणे तपासू शकतो."

हरेश्वर पुन्हा खाली बसला. त्याने विचारले, "मग एप्रिलमध्ये बोट फिरवली, ते बरोबर होतं?"

"मला काय ठाऊक? का फिरवलीस, ते सांग."

हरेश्वरने सांगितले: पडलेला वारा, दक्षिणेची उसळी, पश्चिमेची काळी रेघ. तात्या डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तिन्ही कारणं खरी आहेत. मी असतो तर मलाही काळजी वाटली असती. पण तुझ्या पुढे आणखी बोटी होत्या. त्यांना वायरलेसवर विचारलंस?"

हरेश्वरने मान खाली घातली. "नाही. विचारलं तर हसतील असं वाटलं."

"मग तेवढं राहिलं," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. "बाकीचं टाकून देऊ नकोस."

त्या संध्याकाळी हरेश्वर चुलत्याकडे गेला आणि म्हणाला, "पुढच्या हंगामात बोट मीच नेणार. तुमची हरकत नसेल तर."

ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. तिसऱ्याच फेरीला पाण्याला तशीच लांब उसळी येऊ लागली. हरेश्वरने वायरलेस उचलला आणि सर्वांत पुढे असलेल्या दोन बोटींना विचारले. एका तांडेलने सांगितले की तिकडे वारा वाढतो आहे. दुसरा म्हणाला, अजून काही विशेष नाही. हरेश्वरने तासभर वाट पाहिली. उसळी वाढली, तसे त्याने अर्धे भरलेले जाळे ओढायला सांगितले आणि बोट बंदराकडे वळवली.

धाकूकाका सुकाणूपाशी आले. "का फिरतोय, तांडेल?"

पूर्वी या प्रश्नाने तो गडबडला असता. आज त्याने काय पाहिले, कोणाला काय विचारले आणि किती वेळ थांबला, ते एकेक करून सांगितले. धाकूकाकांनी समुद्राकडे पाहिले.

"आणि वादळ आलंच नाही तर?"

"तर अर्धी मासळी गेली, काका. उद्या पुन्हा असंच दिसलं, तर मी पुन्हा हेच करीन."

वादळ आले नाही. रात्रभर समुद्र मध्यम राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे गेलेल्या दोन्ही बोटी सुखरूप परतल्या, भरलेल्या. बंदरावर कोणीतरी हरेश्वरच्या बोटीकडे पाहून काही बोलू लागले, तेव्हा धाकूकाकांनी त्याला थांबवले. "त्याने विचार करून फिरवली होती. मी होतो तिथे," ते म्हणाले आणि बर्फ फोडायला बसले.

हरेश्वरने ते ऐकले. त्याला वादळ न आल्याचा आनंदच झाला, कारण त्या दोन बोटींवरही माणसे होती. मग तो डिझेल भरायला गेला, कारण दुपारी पुन्हा निघायचे होते.

आपला निर्णय कसा होता हे ज्याला निकालापासून वेगळे करून पाहता येते, तो हरल्यावरही थोडा पुढे गेलेला असतो.