नागिणीचा पाय

एका जंगलात एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटेवाली. तिच्या शेजारी बसायला कुणी धजायचं नाही. एकदा अस्वल चुकून टेकलं, तर पुढं आठ दिवस बिचारं उभ्यानं जेवलं. त्यामुळं चार जनावरं कुठंही जमोत, साळूची जागा आपली लांब, बांबूच्या बेटापाशी, एकटीची. मैत्रीण काय ती एकच, रानकोंबडी. साळूनं कंद उकरायचे, मोकळ्या झालेल्या मातीतले किडे कोंबडीनं टिपायचे, आणि दोघींनी मिळून अख्ख्या जंगलाच्या चुगल्या करायच्या. मजेत चाललं होतं दोघींचं.

त्याच जंगलात एक कोल्हा होता. धावून धावून शिकार करायचा त्याला भारी कंटाळा. त्याला सापडलं अर्जुनाचं एक म्हातारं झाड, खोडाला ही एवढी मोठी चौकोनी ढोली. कोल्ह्यानं ढोलीच्या कडेकडेनं काजवे बसवले, आत शिरला आणि आरोळी ठोकली, "या मायबाप, या! आजपासून बसल्या जागी सगळं जग बघा!"

हसू नका, पोरांनो. तुमच्या घरातली ढोली भिंतीला टांगलेली असते, फरक एवढाच.

झालं! दिवस कलला की सगळी जनावरं ढोलीसमोर. आधी बातम्या. त्यात बारा कावळे एकदम ओरडायचे. वारा पूर्वेचा की पश्चिमेचा, यावर एवढं भांडण, की शेवटी वारा कुठनं येतोय ते कुणालाच कळायचं नाही. पण कान दुखायला लागले म्हणजे बातम्या झकास झाल्या, असं सगळे म्हणायचे. मग मालिका. नाव काय, तर 'नांदते नागीण मुंगसाच्या घरी'. नागीण सून होऊन आलेली, दारात तांदळाचं माप ठेवलेलं. आता नवरीनं पायानं माप लवंडायचं आणि घरात यायचं, याला किती वेळ लागतो? विचारा तुमच्या काकूला. पण ही नागीण होळीला निघाली होती, दिवाळी आली तरी पाय हवेतच! आधी पाय दाखवायचे, मग सासूचं तोंड, मग सासऱ्याचं तोंड, मग परत पाय. ढँण! ढँण! ढँण!

आणि पाय मापाला टेकणार, तेवढ्यात कोल्हा म्हणायचा, "छोटीशी विश्रांती! कुठं जाऊ नका, मान वळवू नका!" मग जाहिरात लागायची, "दगड चाटा, तजेला मिळवा!" जनावरं तीही डोळे फाडून बघायची. आणि मागं करवंदीच्या जाळीत एक तरस दबा धरून बसलेलं असायचं. ते कोल्ह्याचं भागीदार. विश्रांती सुरू झाली रे झाली, की ते जाळीतनं तोंड बाहेर काढायचं आणि शेवटच्या रांगेतलं एक जनावर अलगद उचलायचं. ओरड नाही, पळापळ नाही. ज्याला उचललं त्याचेही डोळे ढोलीकडेच! मग अर्धं तरसाला, अर्धं कोल्ह्याला.

लांब बसलेल्या साळूला हे सगळं दिसायचं. ससा गेला त्या दिवशी ती "तरस! तरस!" म्हणून केवढ्यानं ओरडली. सगळ्यांनी तिलाच "श्श!" केलं. सकाळी तिनं रानडुकराला गाठलं.

"अरे डुकरा, ससा गेला की रे!"

डुकरानं मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, पुन्हा डावीकडं वळवली. हल्ली सगळेच मालिकेतल्यासारखं आधी असं करायचे, मग बोलायचे. "गेला म्हणजे काम सोडलं असेल त्यानं. आता दुसरा ससा आणतील. चार दिवस वेगळा वाटतो, मग होते सवय."

"अरे बाबा, तरसानं खाल्ला त्याला!"

"हे कधी दाखवलं? मी तर एक भाग चुकवलेला नाही."

साळू माकडाकडं गेली. माकड सीताफळाच्या झाडाखाली बसून दगड चाटत होतं. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकं वाळलेलं.

"माकडा, वर बघ. फळं पिकून फुटायला लागलीत!"

"ती नको," माकड म्हणालं, "त्यांची जाहिरात लागत नाही."

राहिली रानकोंबडी. महिनाभर ती किडे टिपायला फिरकली नव्हती. पिसं विस्कटलेली, डोळे तारवटलेले. साळूनं तिला हात जोडले. "बाई गं, नको जाऊस. आणि गेलीस तर निदान शेवटच्या रांगेत तरी बसू नकोस."

"अगं, उशीर झाला की तीच जागा मिळते. आज काय वाट्टेल ते होवो, पाय टेकणार बघ! नाही बघितलं तर घास उतरायचा नाही मला."

"असाही तू घास खातेस कुठं?"

पण कोंबडी निघालीसुद्धा.

त्या दिवशी कोंबडी बसली ती नेमकी शेवटच्या रांगेत, पार कडेला, करवंदीच्या जाळीला चिकटून. साळूनं बघितलं, जाळीतनं तरसाचं नाक बाहेर आलंय. एकच तर मैत्रीण, आणि तीही आता अर्धी अर्धी वाटून जाणार. ओरडून उपयोग नाही, हे तर कळून चुकलं होतं. ढोलीत पाय दिसायला लागला. आता कुठल्याही क्षणी विश्रांती! तेवढ्यात साळूला एक खोडी सुचली. ती दोन पावलं पुढं आली आणि अगदी भोळ्या आवाजात म्हणाली,

"अहो कोल्होबा, एक विचारू का? नागिणीला पाय असतो का हो?"

"गप गं साळू!" डुक्कर ओरडलं. "टेकतोय, टेकतोय!"

"टेकू दे की. मी कुठं अडवलंय? मला आपलं एवढंच सांगा, नागिणीला पाय असतो का?"

डुकरानं मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, आणि तिसऱ्यांदा वळवायचं विसरून तसंच राहिलं. "नसतो ना?" ते स्वतःशीच म्हणालं. मग मोठ्यानं म्हणालं, "ए, नागिणीला पाय नसतो!"

"मी एकदा नागीण उचलून फेकली होती," माकड म्हणालं. "इकडनं तिकडनं सगळी शेपटीच होती."

कोल्ह्यानं ढोलीतनं डोकं बाहेर काढलं. "मायबाप, हा खास पाय आहे! लग्नापुरता आणलाय!"

"मग एकच का आणला?" अस्वल म्हणालं. "दुसरा कुठंय?"

इतके दिवस एकदम ओरडणारे बारा कावळे आता एकेक करून विचारायला लागले. "पायाला केस कसे?" "नख्या कुणाच्या?" "मागनं ती झुबकेदार शेपूट कुणाची दिसतीय?"

आतनं कोल्हीण कळवळून म्हणाली, "अहो, होळीपासनं पाय वर धरलाय मी, कळा यायला लागल्या. टेकू का आता?"

"तू गप बस!" कोल्हा खेकसला. इतक्या दिवसांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, मग उत्तर तयार कुठलं असणार? शेवटी तो किंचाळला, "विश्रांती! छोटीशी विश्रांती! मान वळवू नका!"

"का नाही वळवायची?" डुक्कर म्हणालं. विचारायची चटकच लागली होती त्याला. त्यानं मान वळवली ती थेट मागं. त्याचं बघून सगळ्यांनी वळवली. बघतात तर तरस उभं, आणि त्याच्या तोंडात रानकोंबडी! अन् ती बया काय म्हणत होती माहितीय?

"अगं, मला इथनं दिसत नाहीय. टेकला का पाय?"

"तुझ्या मानेवर दात टेकलेत, बाई!" साळू ओरडली. "आधी ते बघ!"

कोंबडीनं बघितलं आणि अशी किंचाळली, अशी किंचाळली, की झाडावरची पिकली पानं गळून पडली. तरस पळायला लागलं. पण बसून खाऊन खाऊन त्याचं पोट जमिनीला लागलेलं, पळायची सवय पार मोडलेली. पाच पावलांत धाप लागली. साळू काही तोंड पुढं करून भांडत नाही. तिनं तरसाला पुढनं गाठून पाठ फिरवली, काटे ताठ केले, आणि उलटी धावत जाऊन तरसाच्या नाकावर थाडकन आदळली. "आई गं!" करून तरसानं तोंड वासलं, आणि कोंबडी भुर्रकन फांदीवर! मग काय विचारता? डुकरानं तरसाला मागनं ढुशी दिली, अस्वलानं पुढनं थप्पड दिली, आणि माकडानं इतके दिवस चाटलेले दगड एकेक नेम धरून हाणले. नाकात काट्यांची जुडी घेऊन तरस जे डोंगरापलीकडं गेलं ते गेलंच.

कोल्हा ढोलीतनं उडी मारून पळाला, मागनं लंगडत कोल्हीण. जातो कुठं? बारा कावळे डोक्यावर! कोल्हा झुडपात शिरला की कावळे ओरडणार, "इथं आहे, इथं आहे!" ओढ्यात लपला की ओरडणार, "इथं आहे, इथं आहे!" कावळ्यांनी दिलेली ती पहिली खरी बातमी. अख्खं जंगल त्या बातमीमागं धावलं, आणि कोल्ह्याला पार हद्दीबाहेर हुसकून, नाचत, ओरडत, एकमेकांना टाळ्या देत परत आलं. माकडानं येताना वाटेतली सीताफळं पोट फुटेस्तोवर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साळू कंद उकरायला गेली, तर कोंबडी आधीच येऊन बसलेली. तिच्यामागं डुक्कर, अस्वल, माकड, कावळे, सगळी फौज.

"साळूमावशी," डुक्कर म्हणालं, "जमिनीतलं पाणी खारट का नसतं गं?"

"आणि काजव्याला चटका कसा बसत नाही?" अस्वलानं विचारलं.

"मला काय ठाऊक?" साळू म्हणाली. "चला, जाऊन बघू!"

आणि सगळी वरात तिच्यामागनं निघाली.

तात्पर्य : बघायचं ते खुशाल बघा, पण मधूनमधून 'असं कसं?' म्हणून विचारत जा. जो विचारायचं सोडतो, त्याला गिळायला कुणाला धावावंसुद्धा लागत नाही.