शेवटचा वाफा

“म्हणजे मी कीर्तन सोडून द्यावं, असं तुमचं म्हणणं आहे का बाबा?”

अंताजीबाबा काहीच म्हणाले नव्हते. ते बैलांच्या मानेवर जू ठेवत होते. पण मुकुंदबुवांना दुसऱ्याचं मौन सोसत नसे. ते लगेच त्यात आपल्या मनातलं वाक्य भरून टाकत.

“तसं नसेल तर बोला काहीतरी. पहाटेपासून दमणीच्या गाडीत हाडं खिळखिळी करून घेत आलोय.”

बाबांनी जुवाची खीळ बसवली. बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

मुकुंदबुवा म्हणजे त्या मुलखातलं गाजलेलं नाव. गोकुळाचं आख्यान लावावं तर त्यांनीच, असं लोक म्हणत. यमुनेकाठचा कदंब त्यांच्या तोंडून ऐकताना बायाबापड्या डोळे पुसत, आणि खांबाला टेकून पेंगणारे म्हातारेसुद्धा सरसावून बसत. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

अंताजीबाबा त्यांचे गुरू. पण बाबांनी कीर्तन केव्हाच थांबवलं होतं. मिळालेल्या शाली वाटून टाकल्या, चिपळ्या मुकुंदाच्या हाती दिल्या आणि ते या माळाकडेच्या मळ्यात येऊन राहिले. त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत बुवा एकदाही इकडे फिरकले नव्हते. आज आले, कारण आता गळ्याशी आलं होतं, आणि तेही अगदी शब्दशः.

महिन्यापूर्वी एका गावात कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पुढं आली. पाया पडली आणि भाबडेपणानं तिनं विचारलं, “बुवा, कदंबाचं फूल कसं असतं हो? तुम्ही बघितलंच असेल.”

बुवांनी तोंड उघडलं... आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपण कदंब कधी पाहिलेलाच नाही.

“सुंदर असतं,” ते म्हणाले.

म्हातारीनं मान डोलावली आणि ती समाधानानं निघून गेली. ते तिचं समाधान बुवांना फार लागलं.

त्यानंतरच्या तिन्ही कीर्तनांत आख्यान कदंबापाशी आलं की त्यांचा आवाज बसला. साथीदारांनी झांजा वाजवून कशीबशी वेळ मारून नेली. मग ज्येष्ठमध झाला, काढे झाले, वैद्यांनी घसा तपासून सांगितलं की काही बिघडलेलं नाही. गीताजयंतीचा उत्सव चार दिवसांवर आला होता. सात दिवस बुवांचं कीर्तन होतं. तिथं आवाज बसला तर वीस वर्षांचं नाव मातीत जाणार होतं.

खरी भीती मात्र याहून वेगळी होती. ती त्यांनी मान खाली घालून बाबांना सांगितली. फक्त कदंबाचं असतं तर निभावलं असतं. पण गवताचा वास, गाईंची धूळ, पहाटेचा वारा... यातलं आपण कधी काही पाहिलं होतं का, हेच त्यांना आता आठवेना.

“तुमच्या मळ्यात कदंब असेल तर दाखवा बाबा. एकदा डोळे भरून बघतो.”

बाबांनी चहूकडे नजर फिरवली. जणू त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

“कदंब नाही रे,” ते म्हणाले. “बाभळ आहे.”

आणि त्यांनी बुवांच्या हातात खोरं दिलं.

काम सोपं होतं. बाबा विहिरीवर मोट हाकणार. पाणी पाटानं तुरीच्या उभ्या पिकातून पलीकडच्या लसणाच्या वाफ्यांत जाणार. तिथं बुवांनी दारं धरायचं. म्हणजे एक वाफा भरला की त्याचं मातीचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. मधे डोक्याइतकी तूर. विहिरीवरून वाफे दिसत नसत. म्हणून भरल्यावर हाळी द्यायची. हाळी ऐकली की बाबा बैलांना दम खाऊ देणार, तेवढ्यात इकडं तोंड बदलायचं.

“शेवटचा वाफा भरला की बांध फोडायचा,” बाबा म्हणाले. “पलीकडं सगुणाबाईंची वांगी आहेत. त्यांची विहीर आटलीय. शेवटचं पाणी त्यांचं.”

“आणि माझं विचारलेलं?”

“पाणी निघालं की थांबत नाही. जा.”

बुवा गेले. मनातून ते नाराज होते. इतक्या लांबून गुरूकडे यावं आणि गुरूनं हाती खोरं द्यावं, हे त्यांना काही रुचलं नाही. तरी धोतर खोचून त्यांनी पहिला वाफा भरून घेतला, हाळी दिली, तोंड बदललं. हाळी मात्र झकास होती. तुरीतले साळुंक्यांचे थवे उडाले.

दुसरा वाफा भरेपर्यंत बुवांच्या तल्लख कानानं एक गोष्ट हेरली. मोटेचं चाक कुरकुरतं, मग विहिरीच्या काठच्या थारोळ्यात पाणी धबकन पडतं. अशा नऊ मोटा झाल्या की वाफा भरतो. अगदी तालासारखं. मग उन्हात उभं कशाला राहायचं? बुवा बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले. मांडीवर बोटानं ताल धरला, डोळे मिटले आणि मनाशी आपला प्रश्न पुन्हा घोळवू लागले.

नऊ मोटा झाल्या.

“भरला...!”

ते उठले, झटपट तोंड बदललं, परत येऊन बसले. पुन्हा नऊ.

“भरला...!”

या वेळी चाक थांबलं ते पुन्हा वाजलं नाही. थोड्या वेळानं तुरीतून बाबा आले. ते चौथ्या वाफ्यापाशी थांबले आणि त्यांनी आपलं अनवाणी पाऊल आत ठेवलं. लसणाच्या रोपांत धूळ उडाली.

तिसराही तसाच होता. तोंडापाशी थोडी ओल, पुढं सगळं कोरडं ठणठणीत.

बाबा पाटाच्या कडेनं उलट चालत गेले. तुरीत एका ठिकाणी घुशीनं पाट पोखरला होता आणि सगळं पाणी गुपचूप त्या बिळात चाललं होतं. त्यांनी दोन ढेकळं घातली, चिखल घातला, टाचेनं दाबून बीळ बुजवलं. मग हात धूत धूत बुवांकडं पाहिलं. रागावले नाहीत.

“न बघताच सांगितलंस,” एवढंच ते म्हणाले.

ती म्हातारी बुवांच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली, हात जोडून, समाधानानं. सुंदर असतं... आपण इथंही तेच केलं.

बाबांनी फडक्यातली बाजरीची भाकरी काढली, अर्धी मोडून बुवांच्या हातावर ठेवली. जवळची लसणाची पात खुडून दिली, मीठ दिलं. यजमानांच्या घरी चांदीच्या ताटात जेवणाऱ्या बुवांनी ती भाकरी बांधावर बसून खाल्ली. पातीचा तिखट झटका नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि वरून ओंजळीनं पाटाचं गार पाणी प्यायल्यावर त्यांना वाटलं, की जेवण म्हणून आपण जे काही जेवत आलो त्याची चव आपल्याला आठवत नाही. ही मात्र आठवेल.

“चप्पल काढ,” बाबा उठता उठता म्हणाले. आणि पुन्हा विहिरीकडं गेले.

तिसरा आणि चौथा वाफा बुवांनी उभं राहून भरला. पाचवा भरला. आता मोटा मोजणं आपोआप सुटलं होतं. प्रश्नही कुठंतरी मागं राहिला असावा.

राहिला तो शेवटचा वाफा. बाभळीच्या बुडाशी होता तो, सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत कोरडा. भेगा इतक्या रुंद, की बोट जावं. बुवांनी तोंड उघडलं आणि ते त्या वाफ्यातच अनवाणी उभे राहिले.

पाणी आलं.

ते धावत आलं नाही. एकेका ढेकळापाशी थांबत, त्याला चाचपत, वळसा घालत आलं. त्याच्या तोंडाशी तुरीची पिवळी फुलं होती, थोडा फेस होता, एक वाळकं पान होतं. पाण्याच्या आधी माती काळी होत होती. बुवा खाली वाकले. पाणी दोन बोटं दूर असतानाच माती काळी होत होती. त्याची वाट बघून तीच पुढं आल्यासारखी.

मग त्यांना आवाज ऐकू आला. इतका बारीक, की त्यांच्यासारख्या कानानंही तो आजवर ऐकला नव्हता. भेगा पाणी पीत होत्या. बुडबुडे येत होते, फुटत होते, आणि सगळा वाफा हलकेच चुरचुरत होता.

एका भेगेतून रातकिडा बाहेर आला आणि ढेकळावर चढून बसला. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून लसणाच्या पातीवर चढू लागल्या. एवढ्याशा त्या, पण एकीनंही अंडं टाकलं नाही. कुठूनसा एक परीट पक्षी आला आणि शेपटी हलवत पाण्याच्या पुढं पुढं चालू लागला, अगदी घरच्यासारखा. पाणी मुळाशी पोचलं की प्रत्येक रोप एकदाच, जरासं हलत होतं. एकदाच. मग पुन्हा स्थिर.

पाणी बुवांच्या बोटांत शिरलं. थंडी थेट मस्तकात गेली. वास आला, आणि तो वास कशाचा हे सांगायला वीस वर्षांत जमवलेला एकही शब्द त्यांना पुरेना.

वाफा भरत गेला तसं त्यात आभाळ उतरलं. बाभळ उतरली, तिच्या फांदीवरचं सुगरणीचं जुनं घरटं उतरलं. मुकुंदबुवा त्या सगळ्याच्या मधोमध घोटाभर पाण्यात उभे होते, आणि त्यांना भीती वाटत होती, की आपण हललो तर हे मोडेल.

हाळी द्यायची होती, हे ते साफ विसरले.

पाणी बांधाच्या काठाला लागलं. चाकाची कुरकुर बऱ्याच वेळानं थांबली. तुरीतून बाबा आले आणि वाफ्याच्या कडेला उभे राहिले.

“हाळी दिली नाहीस.”

“राहून गेलं बाबा.”

“काय बघत होतास?”

बुवा सांगू लागले. अगदी हळू, घरी आलेलं लेकरू आईला सांगतं तसं. माती आधी कशी काळी होते ते सांगितलं. भेगा पितात ते सांगितलं. मुंग्यांची अंडी, परीट, रोपाचं एकदाच हलणं... मधे कुठं थांबले, पुन्हा आठवून सांगू लागले. त्यात एकही यमक नव्हतं, हातवारे नव्हते. बाबा ऐकत होते. बैल सोडायचे राहिलेत, हेही त्यांनी मनावर घेतलं नाही.

सांगून संपलं तेव्हा ऊन कलू लागलं होतं. आणि तेव्हा कुठं बुवांच्या लक्षात आलं, की आपण इतका वेळ बोललो आणि आवाज कुठंच बसला नाही. त्यांचा हात गळ्याकडं गेला. डोळे भरून आले होते, ते पुसावेत असं त्यांना वाटलं नाही.

“बाबा, ती म्हातारी...” ते म्हणाले. “तिला जाऊन सांगतो, की मी कदंब बघितलेला नाही.”

बाबांनी वाकून पाण्यावरचं वाळकं पान बाजूला केलं.

“आणि उत्सवात? तिथं काय सांगू?”

बाबांनी वाफ्याकडं पाहिलं. पाणी काठोकाठ आलं होतं आणि बांधापलीकडं सगुणाबाईंची वांगी माना टाकून उभी होती. त्यांनी चिखलातलं खोरं उचलून बुवांच्या हातात दिलं.

“भरला ना? मग फोड बांध.”